लाइन गेली, लाइन लागली, लाइन आखली

(पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.)

काल रात्री साडेआठच्या सुमारास आमच्या वॉर्डाच्या ग्रुपवर दहा मिनिटांत तीन मेसेज पडले. पहिला : "लाइन सगळ्यांचीच गेली का आपलीच गेली?" दुसरा : "उद्या केवायसीसाठी लाइन लावायची असेल तर सकाळी सहालाच या, नंतर नंबर लागत नाही." तिसरा एका ओळखीच्या काकांचा : "नातू दहावी झाला, कोणत्या लाइनला टाकावं, जाणकारांनी सांगावे."

तीन मेसेज, तीन लाइनी. कोणाला डिक्शनरी उघडावी लागली नाही. अंधारात बसल्या बसल्या मी मोजायला लागलो. पुणेकर "लाइट गेली" म्हणतात, आमच्या विदर्भात "लाइन" जाते. आमच्या बाजूने पाहाल तर आम्हीच बरोबर, कारण दिवा जागेवरच असतो, जाते ती तारेतली वीज. मग लाइनमन येतो. एसटीत "लाइन चेकिंग"वाले चढतात. ट्रक ड्रायव्हर घरी नसला की बायको सांगते, "ते लाइनवर गेले." पोलिसाचं पोरगं लाइनीत वाढतं. कॉलेजातलं पोरगं लाइन मारतं, आणि समोरून लाइन मिळाली नाही की रात्री स्टेटस टाकतं. कोणी दोन नंबरच्या लाइनीत शिरतं, कोणाला बाप "लाइनीवर आणतो". फोनवर "लाइनवर राहा" म्हणतात, पुढाऱ्याला पक्षाची लाइन असते.

गंमत अशी की मराठीत या कामाला शब्द कमी नव्हते, उलट जास्तच होते. पाटीवर ओढतो ती रेघ. भूमितीत असते ती रेषा. वहीत लिहितो ती ओळ. माणसं उभी राहतात ती रांग, आणि तीच माणसं जेवायला बसली की पंगत. इंग्रजाकडे या सगळ्यांना मिळून एकच शब्द. आपण आपले पाच ठेवले आणि वरून त्याचा एक घेतला. का घेतला? कारण तो शब्द शब्दकोशातून आला नाही. तो छावणी, रेल्वे, तार आणि वीज यांच्यासोबत आला. वस्तू आली, तिच्या पाठीवर बसून नाव आलं.

पण त्याआधी मूळ पाहू, कारण ते आपल्या शेतात सापडतं.

लॅटिनमध्ये 'लिनुम' म्हणजे जवस. हो, तेच जवस, ज्याची चटणी आपण भाकरीसोबत खातो. युरोपात त्या झाडाच्या खोडापासून धागा काढत, त्या धाग्याच्या दोरीला 'लिनेआ' म्हणत. गवंडी, सुतार ती दोरी ताणून सरळपणा पाहत. दोरीवरून सरळ रेघेला तेच नाव पडलं, आणि पुढे इंग्रजीत 'लाइन' झालं. लग्नसराईत हजारो रुपये मोजून घेतो तो लिननचा शर्ट, कोटाच्या आतलं लायनिंग, जवसाला इंग्रजीत म्हणतात ते लिनसीड, जवसाच्या तेलापासून बनणारं जमिनीवर अंथरायचं लिनोलियम, ही सगळी एकाच झाडाची लेकरं. जवसाचं शास्त्रीय नावच 'लिनम उसिटाटिसिमम', म्हणजे अतिशय उपयोगी लिनम. आपल्याकडे ते तेलासाठी, बियांसाठी पेरतात, धाग्यासाठी नाही, एवढाच फरक. आणि आपला गवंडी आजही पायाला जी दोरी लावतो तिला 'लाइनदोरी' म्हणतो. म्हणजे शब्दाच्या मुळाकडे पाहिलं तर 'दोरीदोरी'. गवंड्याला लॅटिन येत नाही, पण तो चुकला असंही म्हणता येत नाही.

आता छावणीकडे येऊ. ब्रिटिश फौज मुक्काम करी तेव्हा तंबू ओळीने लागत. पुढे तंबूंच्या बराकी झाल्या, पण नाव 'लाइन्स'च राहिलं. नागपूरजवळ कामठीची छावणी १८२१ ची. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले वारले, डलहौसीने वारस मानला नाही आणि पुढच्या वर्षी राज्य खालसा झालं. फौजेच्या लाइनी होत्याच, आता मुलकी साहेबांसाठी वेगळी वस्ती हवी झाली. ती सिव्हिल लाइन्स. नागपूरची पाहा : रुंद सरळ रस्ते, मोठमोठी आवारं, जुनी झाडं. आज राजभवन, विधानभवन, हायकोर्ट सगळं तिथेच. अकोल्यात, वर्ध्यात, चंद्रपुरातही सिव्हिल लाइन आहे. महालातल्या गल्लीत राहणारा आणि सिव्हिल लाइन्समध्ये राहणारा यांच्यातलं अंतर किलोमीटरमध्ये थोडंच, पण अर्ज घेऊन जाणाऱ्याला ते अजूनही कळतं.

मुंबईचं मरीन लाइन्स स्टेशन याच जातीचं. लोकांना वाटतं समुद्राच्या रेषेवरून नाव पडलं. तसं नाही. मरीन बटालियन नावाच्या पलटणीच्या लाइनी तिथे होत्या.

शिपायाला मात्र मिळाली पोलीस लाइन. नाव तेच, जागा फार वेगळी. एका खोलीला लागून दुसरी खोली, समोर सामायिक नळ. उत्तरेत अजून "लाइन हाजिर" करतात, म्हणजे ठाण्यातून काढून मुख्यालयात बसवतात. आणि याहून खालची एक लाइन होती, ती समुद्रापलीकडे. करारावर मजूर म्हणून नेलेले भारतीय लोक फिजीच्या उसाच्या मळ्यांवर ज्या बराकीत राहत त्यांना 'कुली लाइन्स' म्हणत. दहा फूट बाय सात फुटांच्या खोलीत तीन-तीन माणसं. साहेबाची सिव्हिल लाइन आणि मजुराची कुली लाइन, एकाच राजवटीने एकाच शब्दात बसवल्या. सरळ आखणी हा एकच गुण दोघींत सारखा.

रेल्वेने हा शब्द घराघरात नेला. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे २१ मैल गाडी धावली. १८६७ मध्ये रूळ नागपूरला पोचले. नागपूर-नागभीड गाडीला आपण कधी 'नॅरोगेज' म्हटलं नाही, ती 'छोटी लाइन'. अडीच फुटी रुळांवरची ती गाडी २०१९ मध्ये मोठी लाइन टाकायची म्हणून बंद झाली. मुंबईकर तर माणसाची ओळखच लाइनवरून करतो : तू सेंट्रलचा, वेस्टर्नचा की हार्बरचा?

"लाइन क्लिअर" हीसुद्धा रेल्वेचीच देणगी. एकेरी मार्गावर समोरून गाडी आली तर काय? म्हणून पुढच्या स्टेशनने मार्ग मोकळा असल्याचं कळवल्याशिवाय आणि ड्रायव्हरच्या हातात त्याचा टोकन पडल्याशिवाय गाडी सुटत नसे. आज मुलीकडच्यांनी होकार दिला की मध्यस्थ फोन करतो, "भाऊ, लाइन क्लिअर आहे." साहेब दौऱ्यावर गेला की चपराशीही हेच सांगतो.

तारेची लाइन रेल्वेच्या बरोबरीने आली. १८५४ पर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई तारेने जोडली गेली होती. ती सेवा १५ जुलै २०१३ पासून बंद आहे. माझ्या आधीच्या पिढीतले तालुका वार्ताहर बातम्या तारेने पाठवत. शब्दाला पैसे, म्हणून विशेषणं कापत. आजच्या माझ्यासारख्यांना ती शिस्त नाही, ते तुम्हाला ही पोस्ट वाचताना दिसतच असेल.

आमच्या धंद्यात लाइनींचा सुळसुळाट आहे. हेडलाइन, बायलाइन, डेटलाइन. पण सगळ्यात रोजची म्हणजे डेडलाइन, आणि तिचा जन्म ऐकला की अंगावर काटा येतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या फौजेने जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथे उत्तरेच्या कैद्यांसाठी उघडा कोंडवाडा केला होता. सुरुवात फेब्रुवारी १८६४. बाहेरच्या उंच लाकडी भिंतीच्या आत सुमारे १९ फुटांवर काठ्यांचं एक साधं, हलकं कुंपण. ते ओलांडलं, नुसता हात पलीकडे गेला, तरी वरच्या मचाणावरून गोळी. हीच 'डेड लाइन'. चौदा महिन्यांत सुमारे ४५ हजार कैदी तिथे ठेवले, त्यातले जवळपास १३ हजार मेले. बहुतेक गोळीने नाही, तर भूक, हगवण, घाण पाणी यांनी. कोंडवाड्याचा अधिकारी हेन्री वर्झ याच्यावर खटला चालला आणि १० नोव्हेंबर १८६५ ला त्याला फाशी झाली. नंतर हाच शब्द छापखान्यात शिरला : यंत्राच्या पाटावरची अशी खूण, जिच्या बाहेरचा मजकूर छापला जात नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन वृत्तपत्रांत तो वेळेच्या मर्यादेला लागला. आज "डेडलाइन वाढवली" म्हणताना कोणाला तो मचाण आठवत नाही, आणि आठवायची गरजही नाही म्हणा.

क्रिकेटचं एका वाक्यात उरकतो : १९३२-३३ ला ऑस्ट्रेलियात फलंदाजाच्या अंगावर चेंडू टाकण्याची जी 'बॉडीलाइन' गाजली, तिचा सूत्रधार इंग्लंडचा कर्णधार डग्लस जार्डिन जन्माने मुंबईचा, मलबार हिलचा.

आता नकाशावरच्या लाइनी. ड्युरँड १८९३, मॅकमहोन १९१४, रॅडक्लिफ १९४७. सिरिल रॅडक्लिफ वकील माणूस. ८ जुलै १९४७ ला भारतात आला, त्याआधी कधी आलेला नव्हता. पाच आठवड्यांत पंजाब आणि बंगालची वाटणी आखून दिली. ती जाहीर झाली १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी. मधल्या काळात बंगालच्या मुर्शिदाबादेत पाकिस्तानचा झेंडा लागला होता आणि खुलन्यात भारताचा. आपण कोणत्या देशात आहोत हे लोकांना झेंडा चढल्यावरही ठाऊक नव्हतं. काश्मिरात आधी युद्धबंदी रेषा होती, १९७२ च्या सिमला करारानंतर ती 'लाइन ऑफ कंट्रोल' झाली.

हे सगळं दूरचं वाटतं. पण खरं सांगायचं तर ज्या दोन लाइनींसाठी मी ही पोस्ट लिहायला बसलो, त्या आपल्या घरावरून जातात.

पहिली, दारिद्र्यरेषा. हा शब्द आपण 'बीपीएल' म्हणून ओळखतो. लंडनमध्ये चार्ल्स बूथने १८८० च्या दशकापासून गल्लोगल्ली पाहणी करून रस्ते रंगवले, कुठे गरीब, कुठे श्रीमंत. मध्यम आकाराच्या कुटुंबाला आठवड्याला १८ ते २१ शिलिंग ही त्याची गरिबीची रेषा. पण बूथच्याही आधी, १८७६ मध्ये, आपल्या दादाभाई नौरोजींनी हिशेब मांडला होता. तुरुंगातल्या कैद्यावर सरकार किती खर्च करतं, जहाजाने परदेशी जाणाऱ्या मजुराला किती शिधा देतात, हे त्यांनी आधाराला घेतलं. १८६७-६८ च्या भावाने माणशी वर्षाला १६ ते ३५ रुपये लागतात असं निघालं. आणि देशाचं सरासरी उत्पन्न त्यांनी काढलं माणशी २० रुपये. म्हणजे सरकार कैद्याला जेवढं जेवू घालतं तेवढंही बाहेर मोकळ्या माणसाला मिळेल याची खात्री नाही, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवलं.

स्वातंत्र्यानंतर पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावर अभ्यास छापला. रोज माणशी २२५० कॅलरी मिळायला १९६०-६१ च्या भावाने खेड्यात महिन्याला १५ रुपये आणि शहरात साडेबावीस. पुढे नियोजन आयोगाने खेड्यासाठी २४००, शहरासाठी २१०० कॅलरी धरल्या. मग सुरेश तेंडुलकर समितीची पद्धत आली. त्या हिशेबाने २०११-१२ ची रेषा खेड्यात महिन्याला माणशी ८१६ रुपये, शहरात १०००. म्हणजे दिवसाला २७ आणि ३३. टीव्हीवर तेव्हा किती गदारोळ झाला ते आठवत असेल.

पण अर्थतज्ज्ञाची रेषा देशात किती गरीब आहेत हे मोजते. गावात प्रश्न वेगळा असतो : गरीब कोण? त्यासाठी २००२ चं बीपीएल सर्वेक्षण झालं. तेरा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ५२. घर कसं, कपडे किती, जेवण किती वेळा, घरात वस्तू कोणत्या. ज्याला गुण कमी तो गरीब. शाळेत नापास होण्यासाठी धडपडावं तसं लोक इथे कमी गुणांसाठी धडपडले, आणि ज्याला सरपंचाशी बोलता येत नव्हतं तो बिचारा पास झाला. त्याआधी १ मे १९९९ पासून आपल्या राज्यात रेशनकार्डाचे तीन रंग झालेच होते : पिवळं, केशरी, पांढरं. बूथने रस्ते रंगवले, आपण कुटुंबं रंगवली.

आज प्राधान्य कुटुंबाच्या यादीत बसायचं तर वार्षिक उत्पन्नाची मर्यादा खेड्यात ४४ हजार, शहरात ५९ हजार. माणशी नाही, पूर्ण कुटुंबाचं. आता हिशेब करा. घरात एकच माणूस मजुरीला जातो, रोज ३०० रुपये धरा. १४७ दिवस कामाला गेला की ४४,१०० झाले. संपलं, तो रेषेवर गेला. उरलेल्या २१८ दिवसांत त्याने काय खायचं हे रेषा विचारत नाही. प्रत्यक्षात होतं काय, तर सगळेच दाखल्यावर कमी उत्पन्न लिहून घेतात. मजूरही आणि बंगलेवालाही. रेषाच अशी ठेवली की खरं बोलणारा बाहेर पडतो, मग खोटं बोलणारे दोघे शेजारी-शेजारी उभे राहतात. एकाला गरज आहे आणि दुसऱ्याला नाही, एवढाच फरक, आणि तोच कागदावर दिसत नाही.

आणि हो, हे सगळं आता ऑनलाइन आहे. ऑनलाइन झालं की लाइन संपेल म्हणाले होते. २०२४ च्या जुलैत लाडक्या बहिणीचे अर्ज सुरू झाले तेव्हा सेतू केंद्रांपुढे काय लाइनी होत्या ते सगळ्यांनी पाहिलं. डेडलाइन १५ जुलैची, मग ३१ ऑगस्ट, मग त्याहीपुढे. रेशन दुकानात म्हाताऱ्या माणसाचा अंगठा मशीन घेत नाही, कारण आयुष्यभर रोवणी-निंदणी करून बोटावरच्या रेषाच झिजलेल्या. तिथेही पुन्हा रेषाच.

दुसरी लाइन पुराची. जलसंपदा विभाग नदीच्या काठाने दोन रेषा आखतो. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून सरासरी एकदा येईल एवढ्या पुराचं पाणी जिथवर पोचतं ती. नदी आणि निळीमधला पट्टा निषिद्ध, तिथे घर बांधायचं नाही. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळी आणि लाल यांमधला पट्टा नियंत्रित, तिथे अटींवर बांधकाम.

यात एक गैरसमज फार आहे. "शंभर वर्षांतून एकदा ना, मग आपल्या हयातीत कशाला येतो!" तसं नसतं भाऊ. त्याचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षांचं गृहकर्ज घेऊन लाल रेषेवर घर बांधलं तर हप्ते फिटेपर्यंत एकदा तरी पाणी घरात येण्याची शक्यता चारात एक. निळ्या रेषेवर बांधलं तर दहात सात. सांगलीने २००५ ला पाहिलं, २०१९ ला पाहिलं, २०२१ ला पुन्हा पाहिलं. चिपळूणकरांनी तर जुलै २०२१ च्या पुरानंतर या दोन रेषांवरूनच आंदोलन केलं, कारण त्या रेषांत अर्धं शहर अडकतं आणि पिढ्यान्‌पिढ्यांची घरं एका रात्रीत 'निषिद्ध' होतात. त्यांचंही खोटं नाही. ज्यांची घरं रेषेच्या आधीची आहेत त्यांना फक्त नकाशा दाखवून भागत नाही.

आपल्याकडे ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगा आली. वर मध्य प्रदेशात पाऊस, तिथल्या धरणाचं पाणी खाली, इकडे गोसीखुर्दचे तेहतीसही दरवाजे उघडले. भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गावं पाण्यात. जुन्या लोकांनी तेव्हा मंदिराच्या, शाळेच्या भिंतीवर पाण्याची रेघ दाखवली. ती रेघ अजून काही ठिकाणी दिसते. चुना मारलेल्या ठिकाणी दिसत नाही.

आता मुद्द्याचं. नदीकडच्या बाजूला गेल्या दोन वर्षांत तीन नवे लेआउट पडले आहेत. बोर्ड झकास आहेत, "रिव्हर व्ह्यू" वगैरे. चुन्याने प्लॉटच्या लाइनी आखल्या आहेत, विक्री जोरात आहे. निळी रेषा त्या प्लॉटांच्या अलीकडून जाते की पलीकडून, एवढाच माझा प्रश्न. एका कार्यालयात विचारलं, त्यांनी दुसरीकडे पाठवलं. दुसरीकडचे म्हणाले नकाशा आहे, पण कपाटाची चावी ज्यांच्याकडे आहे ते रजेवर. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा "अर्ज द्या" म्हणाले. सोमवारी माहिती अधिकारात अर्ज दिला आहे. पोच माझ्याकडे आहे. तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं.

तोवर ज्यांनी तिथे टोकन रक्कम दिली आहे त्यांनी पुढचा हप्ता भरण्याआधी विकणाऱ्याकडे पूररेषेचा दाखला मागावा. लेखी मागावा. ज्यांच्याकडे २०२० च्या पुराचे त्या भागातले फोटो असतील त्यांनी तारीख, जागा लिहून मला पाठवावेत, खाली कॉमेंटमध्येही चालतील. उत्तर आलं की नकाशा इथेच टाकतो.

साडेअकराला लाइन आली. फोन चार टक्क्यांवर होता.